मदत हवी आहे: छाप्यातली पंच, आता साक्षीला जायचंय

म्हापशाच्या कोर्टातून समन्स आलंय. ३ वर्षांपूर्वी कळंगुटला मानवी तस्करीच्या छाप्यात मी पंच (पोलीस कारवाईची साक्षीदार) होते. (१९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात, कलम १५ खाली, एक तरी पंच बाई लागते, म्हणून दुकानातून मलाच उठवलं!) पोलिसांनी पाठवलेल्या बोगस गिऱ्हाइकाला दिलेल्या ५०० च्या नोटांचे नंबर माझ्यासमोर लिहिले, खाली सही माझी. आता ते नंबर कुठले आठवायला? ओढणीत तोंड लपवून कोपऱ्यात बसलेली ती पोरगी मात्र लख्ख आठवते. पंचनामा बघून आठवण ताजी करता येते म्हणे, पण ते उलटतपासणीत अंगाशी येतं का? एखादा नंबर चुकला तर मी फितूर ठरेन का? कोणी अशी साक्ष दिली असेल तर प्लीज सांगा, तारीख सोमवारचीच आहे.