नागपूर ते पुणे गाडीनं, सोबत दोन पोट्टे: समृद्धीवर त्यांना रमवायचं कसं?

मनीषनगरची_आई
दिवाळीत आईकडे पुण्याला जाऊन राहिलो आहोत, गाडीनंच. संभाजीनगरपर्यंत समृद्धी, पुढे अहिल्यानगरवरून पुणे, ७०० किमीच्या आसपास होते. मुलगी ९ ची, मुलगा ४ चा. पूर्ण दिवस मोबाईल हातात द्यायचा नाही असं ठरवलंय, पण मुलीनं पुस्तक काढलं की मळमळते आणि लहान्याला समोर माझ्या मांडीवरच बसायचं असते. त्यात सगळे म्हणतात समृद्धीवर बाहेर बघायला काहीच नसते. लेकरांना घेऊन कोणी गेलं असेल तर सांगा न प्लीज.

दोन_लेकरांचा_बाबा
मांडीचं आधी सांगतो ताई, तिथे त्याचं अजिबात ऐकू नका. समृद्धीवर कारला १२० ची लिमिट आहे, त्या स्पीडला ब्रेक लागला तर धरलेलं लेकरू हातात राहत नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट नाहीतर चाइल्ड सीट कायद्यानंच लागते, १००० रुपये दंड आहे. पण दंडाचं जाऊ द्या, सीटवर लेकरू उंच बसते आणि त्याला खिडकीबाहेरचं दिसते. नाहीतर लहान्याला दिवसभर समोरच्या सीटची पाठ दिसत राहते, मग कंटाळते आणि किरकिर करते.
मुलीचं मळमळणं पण नजरेमुळेच आहे, कानाच्या आतल्या भागाला गाडी चालल्याचं कळून राहिलं आणि डोळे पुस्तकावर खिळलेले, दोघांचा मेळ बसत नाही. २ ते १२ च्या वयात हे जास्त होते. म्हणून गाडीत वाचणं, रंगवणं, व्हिडिओ बंद, ऐकायचं काहीतरी ठेवा. आमच्याकडे आजीनं फोनमध्ये रेकॉर्ड करून दिलेल्या गोष्टी लावतो, मध्येच ती "झोपला का रे?" विचारते आणि मागून दोघं ओरडून उत्तर देतात.

वर्धारोडवाली
बाहेर काही नसते हे मला पटत नाही बाप्पा. दिवाळीत कापूस फुटलेला असतो, तूर उभी असते, ओळखू द्या न त्यांना. रस्त्यावरून जनावरांसाठी पूल बांधलेत, वर माती टाकून गवत-झाडं लावलेली, आपण खालून जातो. माझा मुलगा तो पूल यायच्या आधीपासून मान वाकडी करून बसतो, वरून हरीण दिसेल म्हणून.
मोठीला नंबर प्लेटवरून गाव ओळखायला लावा, MH च्या पुढचा आकडा बघायचा. ३१ आणि ४९ आपले नागपूर शहराचे, ४० नागपूर ग्रामीण, ३२ वर्धा, २७ अमरावती, २८ बुलढाणा, २१ जालना, २० संभाजीनगर. सगळं तोंडीच, लिहायला लावलं की खाली बघणार आणि परत मळमळ. ते संपलं की गावांच्या नावाच्या भेंड्या.

प्रवासी_काका
खेळ वगैरे ठीक आहे, पण पोट्टे खरे खूश होतात ते पाय मोकळे झाल्यावर. समृद्धीवर कडेला गाडी लावायची नाही, सू लागली तरी नाही, फार धोक्याचं आहे. म्हणून पंप आला की कोणाला लागली असो नसो, उतरा, पळू द्या पाच-दहा मिनिटं. चालवणाऱ्यालाही ते लागतेच, सरळ रस्त्यावर डोळ्यावर झापड येते. टायरची हवा निघायच्या आधीच बघून घ्या.
मोठा हॉल्ट सिंदखेडराजाला करा, तिथे एक्झिट आहे. जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजी जाधवांचा राजवाडा, ९ वर्षांच्या मुलीनं शाळेत वाचलेलं असते, तिलाच लहान्याला सांगायला लावा. डबा मात्र घरचाच, तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, संत्री. तेलकट चिप्स आणि कोल्ड्रिंक मळमळणाऱ्या लेकराला देऊच नका.

मनीषनगरची_आई
खूप छान सांगितलं सगळ्यांनी. काका, मग त्याच दिवशी मेहकरला उतरून लोणारचं सरोवर पण होईल का? मुलगी मागे लागलीये.

प्रवासी_काका
जाताना नको, खाली उतरून परत चढायचं म्हणजे ४ वर्षांच्या मुलासोबत अर्धा दिवस जाते आणि मग पुणे रात्री उशिरा. येताना एक मुक्काम लोणारलाच ठेवा, एमटीडीसीचं आहे तिथे, पण दिवाळीची गर्दी असते, आत्ताच बुक करून टाका.

दोन_लेकरांचा_बाबा
आणि ताई, लहान्याचे एक जोडी कपडे आणि जाड पिशव्या पायाशी ठेवा, डिक्कीत नको. उलटी सांगून येत नाही.