मदत हवी आहे: आयरिश परीलोकावरच्या किशोर कादंबऱ्या सुचवा

मंडळी, भाची दहावीत आहे. केट थॉम्पसनची ‘द न्यू पोलिसमन’ (२००५) तिने एका दमात संपवली आणि आता ‘मावशी, असंच अजून काहीतरी दे’ म्हणून माझ्या मागे लागली आहे. आपल्या जगातला वेळ गळून तीर ना नोगमध्ये (आयरिश दंतकथांमधल्या चिरतारुण्याच्या परीलोकात) चाललाय, ही कल्पना तिला फार आवडली. प्रकरणांच्या शेवटी आयरिश धुनांची स्वरलिपी छापली आहे, ती बघून बाईसाहेब व्हायोलिन काढून बसल्या!

आता अडचण अशी की नेटवर शोधलं की राजबिंडे परी-राजकुमार आणि त्यांची प्रेमप्रकरणंच समोर येतात. ते नको. (मला स्वतःला चालेल, पण तो विषय वेगळा.) तिला हवे आहेत ते जुन्या लोककथांमधले, टेकड्यांखाली राहणारे, ज्यांचं नाव घ्यायलाही लोक कचरतात ते ‘शी’. पाळण्यातलं मूल बदलून नेणारे, लोखंडाला भिणारे. १९९९ मध्ये आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात हमरस्त्याच्या आड येणारं परीचं झुडूप (पऱ्यांचं मानलं जाणारं, म्हणून तोडू नये असं) वाचवायला कथाकार एडी लेनिहन उभे राहिले होते, अशा मातीतलं काहीतरी.

इंग्रजी चालेल, थोडी भीतीही चालेल, रक्तपात बेताचा असावा. एकच भाग असेल तर उत्तम, कारण पुढे बोर्डाची परीक्षा आहे आणि ताई माझ्यावरच चिडेल. तीर ना नोगमधून तीनशे वर्षांनी परतलेल्या ओशीन या आयरिश दंतकथेतल्या वीराची गोष्ट मराठीत कुणी सांगितली असेल तर तेही कळवा.