चाळीत शिकलेलं ऑफिसात चालत नाही, मग तिकडचे नियम शिकायचे कुठून?

तिसरीपाळी
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

जन्म वरळीच्या बीडीडी चाळीतला. १६० चौरस फुटाची खोली, माणसं सात, संडास मजल्यावर कॉमन. आजोबा गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ते परत कधी आत गेलेच नाहीत. पप्पांनी मिळेल ते काम केलं. मी इंजिनिअर झालो, ऐरोलीला आयटीत आठ वर्षं झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीत चाळींच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या त्यात आमचंही होतं, म्हणजे आता ५०० फुटांचं घर, लिफ्ट, सगळं. पैशाचं रडगाणं नाहीये.

झालं असं की यंदा अप्रेझलला मॅनेजर म्हणाला, तू प्रमोशन कधी मागितलंच नाहीस. अरे पण मागायचं असतं हे मला सांगणार कोण? आमच्याकडे मागणं म्हणजे लाज. पप्पांचं एकच, मान खाली घालून काम कर, साहेबाला दिसतं. माझ्यासोबत लागलेली एक मुलगी, आईवडील दोघं बँकेत, ती दर तीन महिन्यांनी मेल टाकायची की मी हे हे केलं, आणि मी मनात म्हणायचो काय ही स्वतःची टिमकी वाजवते. आता तीच माझी लीड आहे (चांगली आहे, तक्रार नाही).

दुसरं, पगार. चाळीत कुणाला किती पगार, कुणाची भिशी कधी लागली, कुणाचं गंठण गहाण आहे, अख्ख्या मजल्याला ठाऊक असायचं कारण अडीनडीला कुणाकडे जायचं ते त्यावरच ठरायचं. ऑफिसात एकाला सहज विचारलं तर असा बघायला लागला जसं काय मी त्याच्या खिशात हात घातला.

तर प्रश्न असा की हे न सांगितलेले नियम तुम्ही लोक शिकलात कुठून? आणि शिकताना आपलं किती सोडलंत?

खानावळीची_नात
मागणं म्हणजे लाज, हे अर्धंच खरं आहे दादा. माझी आजी लालबागला खानावळ चालवायची, वीसेक गिरणी कामगार जेवायला, सगळे गावाकडून एकटे आलेले, पाळीपाळीने एकाच खोलीत झोपणारे. पैसे पगार झाल्यावर. आजीला लिहिता वाचता येत नव्हतं, कुणाचे किती खाडे, कुणी पाहुणा आणला, सगळं भिंतीवर कोळशाच्या रेघांत आणि बाकीचं डोक्यात. पगाराच्या दिवशी एखादा टाळाटाळ करायला लागला तर त्याला गिरणीच्या दारात गाठून चारचौघांत हिशोब मागायची. म्हणजे मागायची लाज तिला बिलकूल नव्हती.

पण तीच बाई बँकेच्या काउंटरसमोर उभी राहिली की आवाजच निघायचा नाही. १९७५ ला प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यानंतर अशा खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं, त्याआधी सावकारच. आई सांगते, फॉर्मवर अंगठा देताना आजीचा हात थरथरत होता आणि कर्ज काय फार मोठं होतं असंही नाही.

मला वाटतं आपल्याला मागता येतं, फक्त बरोबरीच्या माणसाकडे. टेबलापलीकडच्या माणसाकडे मागायचं कसं ते घरात कुणी केलेलंच नसतं तर आपण बघणार कुठे. आजीच्या भिंतीसारखी एक वही ठेवा. रोज संध्याकाळी एक ओळ, आज काय केलं. तीन महिन्यांनी मेल आपोआप तयार होतो.

सहज_बघून_गेलो
मी पलीकडच्या बाजूचा, पुण्यातला, वडील सरकारी अधिकारी. तुमचा प्रश्न वाचून आठवायला बसलो की मी शिकलो कुठे, तर कुठेच नाही. वडील जेवताना ऑफिसचं बोलायचे, साहेबाला असं असं म्हणालो, त्याने ऐकलं नाही तर लेखी दिलं. आम्ही वरणभात खाता खाता ते ऐकत होतो. शिकवणी चालू आहे हे आम्हालाही माहीत नव्हतं.

उलट्या बाजूचं सांगतो. काही वर्षांपूर्वी काका गावाकडे अचानक सिरियस झाले, जवळ फक्त मोठं सरकारी हॉस्पिटल. मी इंग्रजीत एमबीए केलेला माणूस तिथे बावळटासारखा उभा. केसपेपर कुठल्या खिडकीवर, रक्ताची पिशवी आणायला कुणी जायचं, रात्री वॉर्डाबाहेर चटई टाकायची तर कुणाला विचारायचं, काही म्हणजे काही कळेना. घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाने सगळं धरून नेलं, दोन तासांत सिस्टरपासून लिफ्टमनपर्यंत त्याच्या ओळखी. हे कौशल्य नाही तर काय आहे. पण बायोडेटात ते लिहायला रकाना नाही आणि आम्ही त्याचे आभार मानले ते पाचशेची नोट देऊन, जी त्याने घेतली नाही. त्याचं वाईट मला अजून वाटतं.

बाणाचा_ण
धागा छान पण सगळं वर्गाच्याच खात्यात टाकू नका राव, जात कुठे गेली? मी 'आनि' 'पानी' म्हणायचो. कॉलेजात पहिल्या दिवशी उभं राहून दोन वाक्यं बोललो आणि मागून हसले, पगार बिगार कुणी विचारलाच नाही, 'न' वरून आख्खी कुंडली कळली त्यांना. पुढचं वर्षभर तोंडच उघडलं नाही. शुद्धलेखनाचे नियम १९६२ ला झाले ते तरी छापील आहेत, वाचून पाठ करता येतात, बोलण्याचे कुठे छापलेत?

फ्रान्सचा समाजशास्त्रज्ञ बूर्द्यू याला, म्हणजे घरातूनच मिळालेल्या बोलण्या-वागण्याच्या वळणाला, सांस्कृतिक भांडवल म्हणायचा. तो स्वतः खेड्यातला, बाप पोस्टात, घरी गावची बोली, त्यामुळे त्याला ते दिसलं असावं. शेठच्या पोराला शेठचं दुकान दिसत नाही.

आणि 'किती सोडलंत' याचं उत्तर: घरी फोनवर अजून पानीच म्हणतो. आईला 'पाणी' म्हणालो तर ती विचारेल बरं आहे ना तुला.

तिसरीपाळी
@बाणाचा_ण, पटलं, मी तो भाग टाळलाच होता खरंतर.

@खानावळीची_नात, वही आणली. पहिल्या दिवशी काय लिहावं सुचेना, शेवटी लिहिलं 'सर्व्हर पडला होता, उठवला'.

एक सांगायचं राहिलं. नवीन बिल्डिंगमध्ये आई अजून दार उघडं टाकून बसते आणि कुणी येत नाही. चाळीत शेजारचं भांडं कधी रिकामं परत जायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी. ऑफिसातल्या मित्राकडे तिने पुरणपोळ्या पाठवल्या तर डबा आला स्वच्छ घासून, पुसून, रिकामा. मित्राने वर थँक्यूचा मेसेजही केला. आईने डबा उघडून बघितला, परत लावला आणि म्हणाली, 'त्यांना आवडल्या नसतील.' तिला काय समजावणार, त्यांच्याकडे घासून देणं हीच रीत असेल.

असो. मेल लिहायला घेतलाय. 'रिस्पेक्टेड सर' ने सुरू केलाय, ठीक आहे ना?

खानावळीची_नात
नको नको! नुसतं नाव लिही त्याचं. सर नाही, साहेब नाही, नाव. बाकी सगळं जमतं, हे जमायला मला दोन वर्षं लागली.