राउटरला फायरवॉल आहे, मग सर्व्हरला वेगळी कशाला?

निवांत: आमच्या ऑफिसात बारा जणांसाठी एक लिनक्स सर्व्हर आहे. फाइल शेअरिंग आणि हिशेबाचा डेटाबेस, एवढंच काम. राउटरवर फायरवॉल आहे, बाहेरून एकही पोर्ट (सर्व्हिसचं क्रमांकाचं दार) उघडा नाही. नवीन आलेला मुलगा म्हणतो, सर्व्हरवरही यूएफडब्ल्यू (लिनक्सवरची सोपी फायरवॉल) चालू करा. माझं मत: नको. नको त्या सर्व्हिस बंद करा, विषय संपला. जिथे दारच नाही तिथे कुलूप कशाला?

काठावरचा: तुमची सगळी भिस्त 'बाहेरून' या शब्दावर आहे. मे २०१७ मधलं वॉनाक्राय आठवा, फाइली अडकवून खंडणी मागणारं ते मालवेअर. ऑफिसातल्या एका पीसीला लागण झाली की ते ४४५ पोर्टवरून शेजारच्या मशीनवर जायचं. एकाच स्विचवरची वाहतूक राउटरपर्यंत जातच नाही, तो अडवणार काय?

निवांत: त्याचा पॅच मार्चमध्येच आला होता, लोकांनी लावला नाही. शिवाय ४४५ मला उघडाच ठेवावा लागणार, शेअरिंग त्यावरच चालतं. मग तुमची फायरवॉल तरी काय अडवणार?

काठावरचा: ४४५ चं मान्य. पण २२ (एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करायचा पोर्ट) बाराही जणांना कशाला दिसावा? तो तुमच्या आणि त्या मुलाच्या पीसीपुरता ठेवा. डेटाबेसचा ३३०६ फक्त हिशेब बघणाऱ्यांना.

डोकेदुखी: दोघांच्या मध्ये पडतो. मी यूएफडब्ल्यू लावून निर्धास्त होतो. नंतर सहज दुसऱ्या पीसीवरून पाहिलं तर डॉकरमधला (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) डेटाबेस खुशाल उत्तर देत होता! डॉकर आपले नियम आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉल नियमांत) परस्पर घालतो, पॅकेट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून आत जातं. पोर्ट पब्लिश करताना पुढे १२७.०.०.१ (म्हणजे फक्त याच मशीनपुरतं) लिहायचं राहिलं होतं. (त्याआधी २२ ला परवानगी न देताच 'इनेबल' करून स्वतःलाच बाहेर काढलं होतं, ते वेगळंच.)

निवांत: हेच म्हणतोय मी! खोटा दिलासा.

काठावरचा: दिलासा खोटा ठरला तो तपासलं नाही म्हणून. तुम्ही तरी तपासलंय का, सर्व्हरवर कोणकोणते पोर्ट ऐकतायत?

निवांत: आत्ताच पाहिलं. २२, ४४५, १३९, ३३०६ आणि... १११? हे कोणी लावलं?

डोकेदुखी: आरपीसीबाइंड, एनएफएस या फाइल शेअरिंगसोबत येणारी सर्व्हिस. कधी एनएफएस लावलं होतं का?

निवांत: बॅकअपसाठी, एकदाच. काढलं असं समजत होतो. बंद करतो. यूएफडब्ल्यू अजून पटलेलं नाही, पण २२ चं त्या मुलाशी बोलून बघतो.