रांगेत न येणाऱ्या माणसापर्यंत जेवण कसे पोचवावे?

पंचवटीकर (प्रश्न)

नाशिकला रामकुंडाच्या परिसरात अन्नदानाची वानवा नाही; पितृपक्ष, एकादशी, कोणाचा वाढदिवस असे काही ना काही निमित्त असतेच. आमचा शेजाऱ्यांचा लहानसा गटही तेथे रात्रीचे जेवण देतो. रांगेत उभे राहणारे बहुतेक जण पोटभर जेवून जातात, परंतु ज्यांना मानसिक आजार असल्याचे उघड दिसते असे काही जण आमच्याकडे फिरकतही नाहीत. पुलाखाली बसणारे एक गृहस्थ, भर उन्हाळ्यातही अंगात दोन स्वेटर घातलेले, आम्ही ठेवलेली पत्रावळ हाताने दूर सारतात आणि थोड्या वेळाने कचराकुंडीतील पिशवी फाडून त्यातला आंबलेला भात खातात. गटातील काहींचे म्हणणे असे की त्यांना नकोच असेल तर आपण काय करणार. मला ते पटत नाही. त्यांच्यापर्यंत जेवण कसे न्यावे आणि जेवणापलीकडे काय करता येईल?

वाटसरू

निराधार मनोरुग्णांमध्ये काम करणारी समाजसेविका म्हणून लिहीत आहे. त्यांना भूक नाही असे नव्हे. आपण ज्या रीतीने जेवण देतो, ती रीत त्यांना झेपत नाही. जेवणात कोणीतरी विष कालवले आहे, असा संशय स्किझोफ्रेनियासारख्या आजारात पुष्कळदा आढळतो, आणि कधी कानात ऐकू येणारे आवाजच खाण्याची मनाई करतात. अशा माणसाच्या लेखी कचऱ्यातला भात अधिक सुरक्षित असू शकतो, कारण तो खास त्याच्यासाठी कोणी ठेवलेला नसतो. शिवाय रांग म्हणजे गर्दी, धक्के, ओरडा आणि आपले बोचके सोडून उभे राहणे. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेली दहा रुपयांची शिवभोजन थाळी अनेकांना आधार ठरली, हे खरेच. पण काउंटरपर्यंत जाणे, नाव सांगणे आणि छायाचित्र काढू देणे एवढेही या माणसाला अशक्य असते.

म्हणून ज्यात काही मिसळता येत नाही, असे द्या: सालासकट केळे, टरफलासकट उकडलेले अंडे, भुईमुगाच्या शेंगा, न फोडलेला बिस्किटांचा पुडा आणि सीलबंद पाण्याची बाटली. देणारी व्यक्ती आणि वेळ शक्यतो बदलू नका, अंतर राखून बसा, स्वतः त्यातलेच काही खा आणि त्यांच्याकडे टक लावून न पाहता निघून या. छायाचित्र मुळीच काढू नका. अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांच्या कामाची सुरुवात रस्त्यावरच्या अशाच माणसांना डबे पोचवण्यापासून झाली. निराधार मनोरुग्ण स्त्रियांना आसरा देणारे त्यांच्या माऊली संस्थेचे घर नंतर उभे राहिले.

ओपीडी

वैद्यकीय बाजू थोडक्यात मांडतो. जो माणूस कित्येक दिवस जवळजवळ उपाशी आहे, त्याला एकदम जिलेबी, पुरी आणि भात भरपेट वाढणे धोक्याचे ठरू शकते. रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने घटून हृदयावर परिणाम होतो, आणि ब१ जीवनसत्त्वाची कमतरता असल्यास गोंधळलेपणा वाढतो. खाणे सुरू झाल्यावर पायांवर सूज किंवा धाप दिसली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. मात्र रोज काही ना काही खाणाऱ्याच्या बाबतीत या भीतीने हात आखडता घेऊ नये.

दुसरी गोष्ट क्वचितच बोलली जाते. ओलान्झापिनसारख्या मनोविकारावरच्या गोळ्यांनी भूक फार वाढते आणि गुंगीही येते. ज्याच्या जेवणाची शाश्वती नाही, त्याने अशी गोळी बंद केली, तर त्याला आपण बेजबाबदार म्हणतो. पण गुंगीत सकाळचे वाटप चुकते आणि उशाचे सामानही जाते, याचा हिशेब त्याने आपल्यापेक्षा नीट केलेला असतो.

स्पष्टवक्ता

कटू वाटेल, पण लिहितो. जागेवर जेवण मिळत राहिले, तर हा माणूस पुलाखालून कधीच उठणार नाही. निवाऱ्यात येशील तरच जेवण, अशी अट घालून पाहावी.

वकिलीण

ही अट मला अन्यायाची वाटते आणि व्यवहारातही ती टिकत नाही. संशयाने ग्रासलेला माणूस अट ऐकून फक्त जागा बदलतो आणि आपल्याला पुन्हा सापडत नाही. उठवायचेच असेल, तर कायद्याचा मार्ग आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार, स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असलेल्या भटक्या मनोरुग्णाला संरक्षणाखाली घेणे हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. २४ तासांच्या आत त्या रुग्णाला शासकीय आरोग्य संस्थेत न्यावे लागते, कोठडीत ठेवता येत नाही, आणि बेघर असल्यास हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून कुटुंबाचा शोध घ्यावा लागतो. कलम १८ प्रमाणे बेघर रुग्णाला उपचार विनामूल्य आहेत. दारिद्र्यरेषेचे कार्ड मागता येत नाही. अर्जात याच कायद्याचा उल्लेख करा, नाहीतर १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली उचलले जाण्याची शक्यता राहते.

अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार मिळणारे दरमहा ५ किलो धान्य कागदावर चांगलेच आहे, परंतु आधार आणि अंगठा जुळला तरी ते कच्चे धान्य पुलाखाली शिजवणार कशावर? लाख लोकसंख्येमागे एक चोवीस तास चालणारा निवारा असावा, असे शहरांसाठी ठरले आहे. तुमच्या महापालिकेत असे किती निवारे चालू आहेत आणि त्यांत शिजवलेले जेवण मिळते का, हे माहितीच्या अधिकारात विचारा.

पंचवटीकर

सर्वांचे आभार. केळी आणि अंडी या आठवड्यापासून नेऊ. पोलीस ठाण्यात अर्ज दिल्यावर त्यांना रुग्णालयात हलवले गेले, तर आमचे काम संपले असे समजावे का?

वाटसरू

नाही. त्या दिवशी ज्या व्यक्तीच्या हातून ते खातात, तिने सोबत जावे, आणि ते काय खातात व काय नाकारतात, हे वॉर्डातील परिचारिकेला सांगून केसपेपरवर लिहून घ्यावे. तेथे उघडे ताट समोर आले की ते पुन्हा नकार देतील, आणि कारण ठाऊक नसेल तर तो नकार रुग्णाचे असहकार्य म्हणून नोंदला जाईल.