घातांकाचे नियम ‘नुसते घोकून घ्या’ म्हणणाऱ्यांसाठी

कृष्णाकाठ (सांगली)
काल ‘पोवईनाका’ यांनी लिहिलं की आठवीच्या शिष्यवृत्तीला बसणाऱ्या पोरांकडून घातांकाचे सगळे नियम आठवड्यात घोकून घ्या, ‘का’ आणि ‘कसं’ यात वेळ घालवू नका, पाढे पाठ करताना कुणी का विचारलं होतं? त्यावर ढीगभर लोकांनी अंगठे दिले. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी विश्रामबागला शिकवणी घेते. घोकून आलेली पोरं माझ्याकडे दुरुस्तीला येतात. २^३ × २^४ दिलं (^ च्या पुढचा आकडा म्हणजे वर चढवलेला घात) की एक लिहितं २^१२, दुसरं ४^७. तिसरं तर २^३ + २^४ चंसुद्धा २^७ करून मोकळं. आठ आणि सोळा चोवीस, ह्याचं उत्तर एकशे अठ्ठावीस! त्याला काही खटकतही नाही, कारण २^३ म्हणजे आठ हे डोळ्यासमोरच नाही. एकदा सोडवून लिहा ना: २×२×२, त्याला जोडून २×२×२×२. मोजा. सात. ज्यानं हे स्वतः मोजलंय तो नियम विसरला तरी परत उभा करतो. घोकणाऱ्याचा गेला की गेला.

शून्य घाताचंही तेच. ‘शून्य सोडून कुठल्याही संख्येचा शून्य घात एक’ असा फतवा काढायचा आणि पुढे जायचं. अहो, १६, ८, ४, २ असं दर वेळी निम्मं करत या. घात ४, ३, २, १ असा उतरतो. पुढे १ येणारच, मग अर्धा, मग पाव. २^-३ म्हणजे उणे आठ लिहिणारं पोर हे एकदा उतरून आलं की पुन्हा तसं लिहीत नाही.

पोवईनाका (सातारा)
ताई, तुमच्या शिकवणीत पोरं किती? आमच्या वर्गात साठ. पेपर ७५ प्रश्नांचा, वेळ ९० मिनिटं. एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा येत नाही. तिथं २×२×२ मांडत बसलेलं पोर मागे राहतं आणि पालक येऊन आम्हाला विचारतात. तुमच्यासारखं निम्मं निम्मं करत पायरी-पायरीनं उतरायला आम्हालाही आवडेल, पण निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं आणि रोज नवीन ॲपवर माहिती भरणं यातून उरलेल्या वेळात शिकवायचं असतं. मी घोकूनच शिकलो. काही बिघडलं नाही.

हळदबाजार
शिकवणीवाल्यांना घोकंपट्टी खुपते म्हणे. पोरं घोकून बिघडली नाहीत तर ‘दुरुस्ती’ला कोण येणार? फी किती हो दुरुस्तीची?

कृष्णाकाठ
आपल्या घरची पोरं शिकवणीला जात नाहीत का? विचारून बघा, फी तेच सांगतील.

दोन_पोरांची_आई (विटा)
भांडण चालू द्या, पण (३क^२)^३ चं उत्तर २७क^६ दिलंय. आमच्या लेकानं ३क^६ लिहिलं, बाईंनी काट मारली. तो म्हणतो नियमानंच केलंय.

कृष्णाकाठ
कंसातल्या ३ चा पण घन करायचा, ताई. कंस तीनदा लिहून गुणायला सांगा, त्यालाच दिसेल. आणि बघा हो पोवईनाका, हा तुमचा घोकलेला नियम!

उसाचा_फड (वाळवा)
मला एक सांगा, ह्यातलं जन्मात कुठं लागलं? मी दहावीला गणितात काठावर सुटलो. आज वीस एकर सांभाळतोय. कारखान्याचा काटा मारला जातो ते कळायला घातांक लागत न्हाय. काट्याचंच बोला की एकदा सगळ्यांनी, रिकव्हरी, म्हंजे साखरेचा उतारा, किती लावली...

कोयनाखोरे (पाटण)
काट्याचं दुसरीकडं बोलू. लागतं कुठं ते मी सांगतो. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारनंतर. मी तेव्हा लहान. दगडमातीची भिंत आत पडली, दादांनी मला घोंगडीसकट ओढलं आणि गोठ्याकडं पळाले. ती थंडी आम्ही खळ्यावर काढली, घरात निजायची कुणाची छाती होईना. रिश्टरवर ६.३ होता. आजही आमच्याकडं ३, ४ चे धक्के बसतात आणि बाहेरचे म्हणतात, ६.३ काय, ४.३ काय, दोनाचाच फरक! ऊर्जा १०^(१.५ × रिश्टर) या प्रमाणात वाढते. भागाकाराचा नियम लावा: १०^९.४५ ÷ १०^६.४५ = १०^३. दोनाचा फरक म्हणजे हजारपट.

माण_खटाव
पण छोटे धक्के बसतात तेच बरं की. जमिनीतली ताकद थोडी थोडी निघून जाते, मोठा येत नाही. आमचे आजोबा हेच सांगायचे.

कोयनाखोरे
आजोबांना नमस्कार, पण हिशेब करा. एका ६.३ ची ऊर्जा काढायला ४.३ चे हजार धक्के लागतील. ३.३ चे असतील तर १०^४.५, म्हणजे एकतीस हजारांच्या वर. एवढे मोजलेत का आजोबांनी?

माण_खटाव
आजोबांवर जायचं काम नाही. धरण बांधलं नसतं तर हे धक्केच नसते. ते कुणी बोलत नाही.

कोयनाखोरे
बोलत नाही कसं? जलाशयामुळं होणाऱ्या भूकंपाचं उदाहरण म्हणून जगभर कोयनेचं नाव घेतात. कराडजवळ हजारमाचीत त्यासाठी प्रयोगशाळा आहे, खोऱ्यात तीन किलोमीटर खोल भोक पाडून बघितलंय. आणि धरणाला ज्यांच्या जमिनी गेल्या त्यातला मी एक आहे. वीज तुम्ही वापरा, आम्ही पुनर्वसनाच्या कागदाचे हेलपाटे घालतो. घरातल्या दोन पिढ्या त्यातच म्हाताऱ्या झाल्या.

उसाचा_फड
हे मात्र खरं हाय. काट्याचं पण असंच.

पोवईनाका
एक मिनिट. पुनर्वसनाचं दुःख मान्य, त्यावर वेगळं लिहा, मी सही करतो. पण कोयनाखोरे यांनी आत्ता १०^४.५ लिहिलं. कृष्णाकाठ ताई, तुम्ही म्हणता सोडवून लिहा आणि मोजा. मग दहा साडेचार वेळा लिहून मोजून दाखवा की! अपूर्णांक घातांक आठवीतच आहेत. इथं तुमची मोजणी संपली. इथं नियमच चालतो.

हळदबाजार
आता बोला.

कृष्णाकाठ
बोलते. १०^०.५ ला मोजणी चालत नाही, हे बरोबर. तिथं नियम पुढे जातो आणि अर्थ त्याच्या मागून येतो. १०^०.५ × १०^०.५ चं १०^१ व्हायला हवं असेल, तर १०^०.५ म्हणजे दहाचं वर्गमूळच असावं लागतं. म्हणून १०^४.५ म्हणजे दहा हजार गुणिले ३.१६. एवढ्यापुरतं तुमचं म्हणणं घ्या पदरात. पण हा नियम पुढे जाऊ द्यायचा का, हे त्यालाच कळतं ज्यानं आधी पूर्ण संख्यांवर तो मोजून बघितलाय. फ्रेंच गणिती देकार्तनं १६३७ मध्ये घात आजच्यासारखा वर चढवून लिहिला, तोही पूर्ण संख्यांचाच. अपूर्णांक आणि ऋण घातांक न्यूटननं १६७६ च्या पत्रांत बिनधास्त वापरले. त्या थोरांना मध्ये चाळीस वर्षं लागली, आणि तुम्ही साठ पोरांना आठवडा देता.

पोवईनाका
म्हणजे शेवटी नियमच पुढे. हेच तर कालपासून सांगतोय. आणि चाळीस वर्षं मलाही द्या, मी पण समजावून शिकवीन. निवृत्तीला माझी चारच राहिलीत.

कृष्णाकाठ
मी ‘आधी मोजा’ म्हणाले, तुम्ही ‘मोजूच नका’ म्हणाला होतात. स्वतःचं लिहिलेलं परत वाचा.

पोवईनाका
बरं बाई. गुणाकाराचा नियम एक तास मोजून दाखवतो, आणि ते बेरजेचं २^७ फळ्यावर लिहून त्यावर फुली मारतो. खूश? बाकीचे घोकूनच घेणार.

माण_खटाव
ते राहू द्या. भूकंप ६.३ चा नव्हताच. मी ६.५ वाचलंय.

कोयनाखोरे
वेगवेगळ्या ठिकाणी वेगळा आकडा दिसतो, ६.६ सुद्धा दिसेल. पण ते दोन दशांश किरकोळ समजू नका.

माण_खटाव
०.२ चा काय फरक पडतोय?

पोवईनाका
०.२ ला दीडनं गुणा, ०.३. १०^०.३ म्हणजे २. ऊर्जा दुप्पट. बघा, कसं पटकन आलं! नियम घोकलेले होते म्हणून.

कृष्णाकाठ
१०^०.३ म्हणजे २ हे कुठल्या नियमात बसतं?

पोवईनाका
दोनाचा लॉग, म्हणजे दहाचा कितवा घात केला की दोन येतात तो आकडा, ०.३०१०. अकरावीपासून पाठ आहे.