सगळीकडे बॅश आहेच, मग पॉझिक्सचा हट्ट कशाला?

कृष्णाकाठ (सांगली): काल इथे एकाने लिहिलं, ‘बॅश सगळीकडे आहे, पॉझिक्सचं सोवळं सोडा.’ बॅश हा कमांडी चालवणारा एक शेल, पॉझिक्स हे सगळ्या युनिक्स धाटणीच्या सिस्टिमसाठी ठरलेलं सामायिक प्रमाण. राहवलं नाही. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं बॅकअप स्क्रिप्ट माझ्याकडे आलं होतं. पहिल्या ओळीत ‘बिन-एसएच’, म्हणजे ‘एसएच’ नावाच्या शेलने चालवा; आत मात्र दुहेरी चौकटी कंस, जे बॅशला कळतात, पॉझिक्समध्ये नाहीत. लिहिणाऱ्याच्या फेडोरा लिनक्सवर एसएच म्हणजे बॅशच, त्यामुळे चाललं. दुकानातल्या उबंटू लिनक्सवर एसएच म्हणजे डॅश हा छोटा शेल, आणि तेही २००६ पासून. डॅशला तो कंस म्हणजे न सापडलेली कमांड. इफची अट खोटी ठरते, स्क्रिप्ट तसंच पुढे जातं. हळदीच्या सौद्यांचा बॅकअप होतच नव्हता आणि कुणाला पत्ता नाही!

मिरज जंक्शन: यात बॅशचा काय दोष? पहिली ओळ चुकली. तिथे ‘एन्व्ह बॅश’ लिहा, म्हणजे बॅशच चालेल, विषय संपला. अ‍ॅरेशिवाय, म्हणजे एका नावाखालच्या मूल्यांच्या यादीशिवाय, दिवस काढायचे मला जमणार नाही.

कृष्णाकाठ: अल्पाइन लिनक्सवर, फ्रीबीएसडी या युनिक्स धाटणीच्या सिस्टिमवर बॅश आधी टाकावं लागतं. बॅशला जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याची तिसरी आवृत्ती लागल्यावर अ‍ॅपलने मॅकवरचं बॅश ३.२ च्या पुढे नेलंच नाही. असोसिएटिव्ह अ‍ॅरे, म्हणजे नावावरून मूल्य काढता येणारे, बॅश चारमध्ये आले. आणि ‘सेट --’ने डॉलर-अ‍ॅट, म्हणजे स्क्रिप्टला दिलेल्या मूल्यांची यादी, भरा की, पॉझिक्समधला अ‍ॅरे तोच.

अजिंक्यतारा (सातारा): शेलवरून काय भांडताय, खरं दुखणं कमांडींचं आहे. फाइल जागीच बदलणाऱ्या ‘सेड -आय’ला मॅकवर बॅकअप फाइलचं एक्स्टेन्शन द्यावंच लागतं, रिकामं का होईना. ‘डेट -डी’ने कालची तारीख लिनक्सवर मिळते, मॅकवर नाही. पण हे शिकवतं कोण? आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला फक्त उबंटू. जर्नल उतरवा, सही घ्या. ओळ न मोडता मजकूर छापायला ‘एको -एन’ऐवजी प्रिंटएफ वापरा, हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

येरळाकाठ (विटा): कॉलेजला नावं ठेवणं सोपं आहे. मी शिकवते. लॅबमध्ये आहेत ती मशीन चालू ठेवण्यातच टर्म जाते, मॅक कुठून आणू?

अजिंक्यतारा: मॅक कोण मागतंय मॅडम? डॅश त्याच उबंटूवर आहे! पोरांना स्क्रिप्ट एकदा बॅशने, एकदा डॅशने चालवायला लावा. खर्च शून्य.

येरळाकाठ: सिलॅबस मी ठरवत नाही, आवाज चढवू नका. डॅशचं मात्र पटलं. पुढच्या बॅचला लावते, स्क्रिप्टातल्या चुका दाखवणाऱ्या शेलचेकसकट.

मिरज जंक्शन: मूळ विषय राहिला बाजूला. बरं, दुसऱ्याच्या मशीनवर जाणारी स्क्रिप्टं पॉझिक्समध्ये, इतकं मान्य. माझ्या सर्व्हरवर बॅशच राहणार.

कृष्णाकाठ: राहू द्या. पहिल्या ओळीत बॅश लिहा म्हणजे झालं.